सर्दी गेली, पण वास काही परत येईना... अनुभव / सल्ला हवाय

हिंगजिरे:
मंडळी, मोबाईलवरून टाइप करतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. डिसेंबरात आमच्याकडे व्हायरलची साथ आली, घरात आळीपाळीने सगळ्यांना ताप-सर्दी होऊन गेली, बाकीचे लगेच ठणठणीत झाले. माझंही नाक केव्हाच मोकळं झालंय, शिंका नाहीत की शेंबूड नाही, पण वास येत नाहीये. म्हणजे अजिबातच नाही. महिना उलटून गेला आता.

लक्षात आलं ते फोडणी करताना. मोहरी तडतडलेली ऐकू आली, जिरं लाल झालेलं दिसलं, हिंग टाकला तर नुसताच तेलावर फेस. मला वाटलं हिंग जुना झाला, म्हणून नवी डबी फोडून अजून घातला, तर लेक हॉलमधून ओरडत आली की आई अगं काय करतेयस, घरभर हिंग झालाय! आणि मी तिथे कढईवर नाक धरून उभी. आमटी म्हणजे गरम खारट पाणी, श्रीखंड म्हणजे गार गोड काहीतरी, केशर-वेलची कुठे गेली देवास ठाऊक. मिरची मात्र झोंबते. परवा दूध करपून तळाला काळं झालं तरी मला पत्ता नाही, शेजारच्या काकूंनी बेल वाजवली.

फॅमिली डॉक्टरांनी अँटीअ‍ॅलर्जिकची गोळी आणि झिंकवाली मल्टिव्हिटॅमिन दिली आणि "येईल हो" म्हणाले. टेस्ट काही केली नव्हती त्यामुळे कोरोना होता की साधी सर्दी ते माहीत नाही. वास परत येतो का? कुणाला असं झालंय का? ईएनटीकडे जाऊ की वाट बघू?

तिरकस:
फायदे पण बघा ना ताई. लोकलमध्ये मच्छीच्या पाट्यांशेजारी आरामात उभं राहता येईल.

हिंगजिरे:
तिरकसराव, डोंबिवलीच्या गर्दीत उभं राहायला जागा मिळाली तर नाकाचा विचार करणार ना. पण खरं सांगू, पहिले काही दिवस मी पण हसत होते, आता हसू येत नाही. स्वतःच्या अंगाला घामाचा वास येतोय का तेही कळत नाही, तीनतीनदा आंघोळ करावीशी वाटते.

अबोली७:
मला २०२१ च्या दुसऱ्या लाटेत झालं होतं. आधी सगळं गायब, मग थोडं थोडं आलं आणि आनंद होतोय न होतोय तोवर भलतंच सुरू झालं. कांदा परतला की जळक्या रबराचा वास. कॉफी, अंडं, चिकन, लसूण, अगदी टूथपेस्ट पण, सगळ्याला तोच एक घाणेरडा वास, आणि तो नेमका कसा ते सांगताही येत नाही कारण तसा वास मी आयुष्यात आधी कधी घेतलेलाच नव्हता. सासरी सगळ्यांना वाटायचं स्वयंपाक टाळायची नाटकं आहेत. आता बरी आहे, ९० टक्के म्हणा. घाबरवत नाहीये, पण असं झालं तर तुम्हाला आधी माहीत असावं म्हणून लिहिलं.

बारामतीकर:
आमच्याकडे ओवा आणि भीमसेनी कापराची पुरचुंडी हुंगायला देतात. शिवाय नाकात रात्री मोहरीच्या तेलाचे थेंब. संत्रं गॅसवर काळं भाजून गुळाबरोबर खायचं असंही व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं. करून बघा, नुकसान तर काही नाही.

डॉ_कानकोंडा:
आयडीवरून कळलं असेलच, कान-नाक-घसा हेच दुकान आहे. मोठा प्रतिसाद होणार आहे, चहा घेऊन बसा.

हिंगजिरेताई, आधी घरीच एक गंमत करून बघा. डोळे मिटून बसा आणि लेकीला सांगा की जिभेवर आळीपाळीने साखर, मीठ, लिंबाचा रस आणि कारल्याच्या रसाचा थेंब ठेव, मधे मधे पाण्याने चूळ भरा. चारही ओळखता आलं तर तुमची जीभ शाबूत आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून (आमटी खारट, श्रीखंड गोड, मिरची झोंबते) माझा अंदाज तोच आहे. जिभेला कळतं ते एवढंच, गोड आंबट खारट कडू आणि उमामी (टोमॅटो-मशरूममध्ये असते ती चव). बाकी आमटीला आमटीपण देणारं जे काही असतं, गोडा मसाला, कोकम, हिंग, ते सगळं घास चावताना घशाच्या मागून वर नाकात चढतं आणि तिथे कळतं. लेकीला नाक घट्ट दाबून वेलचीचा दाणा चावायला सांगा, तिला नुसतं काहीतरी चुरचुरीत लागेल, नाक सोडलं की एकदम वेलची. म्हणून माझ्याकडे "चव गेली" म्हणून येणाऱ्या बहुतेक पेशंटचा खरं तर वास गेलेला असतो. कोविडमध्ये काहींची जिभेची चव आणि मिरचीची आग जाणवणं हेसुद्धा खरोखर कमी झालेलं दिसलं, तो भाग वेगळा.

आता वास का जातो. सर्दीत नाक चोंदलं की हवा वरपर्यंत पोचतच नाही, तो वास सर्दीबरोबर परत येतो. तुमचं नाक मोकळं होऊनही येत नाहीये, म्हणजे भानगड वर आहे. नाकाच्या अगदी छताला वास ओळखणाऱ्या पेशींचा एक छोटा पट्टा असतो, त्यांचे तंतू बारीक भोकांच्या हाडातून थेट मेंदूत जातात. माणसाकडे साधारण ४०० प्रकारचे गंधग्राही असतात, ते कसे चालतात हे शोधल्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना २००४ चं नोबेल मिळालं. कोविडमध्ये गंमत अशी की विषाणूला शिरायला जे दार लागतं (एसीई-२) ते या मुख्य पेशींवर जवळपास नसतंच, ते असतं त्यांना धरून ठेवणाऱ्या, पोसणाऱ्या आधारपेशींवर. म्हणजे नाटकातले नट धडधाकट, पण पडद्यामागचे कामगार सगळे आजारी, प्रयोग रद्द. म्हणूनच बऱ्याच जणांचा वास दोनतीन आठवड्यांत परत आला. ज्यांच्या मुख्य पेशींनाही झळ बसली त्यांना वेळ लागतो, कारण खालच्या मूळपेशींपासून नव्या तयार होऊन त्यांचे तंतू मेंदूपर्यंत नीट जुळावे लागतात. ही सोय निसर्गाने नाकात ठेवलीय हे नशीब, कानाच्या आतल्या पेशी गेल्या की गेल्या.

आणि हे काही कोरोनापासून सुरू झालेलं नाही. साधी सर्दी, फ्लू, पॅराइन्फ्लुएन्झा, सगळ्यांनंतर होतं, चाळिशी-पन्नाशीनंतरच्या बायकांमध्ये जास्त दिसतं. आधी त्याकडे लक्ष कोण देत होतं!

हिंगजिरे:
बापरे डॉक, इतकं कुणीच समजावून सांगितलं नव्हतं. आत्ताच केलं लेकीला बसवून. साखर, मीठ, लिंबू, कारलं, सगळं ओळखलं! कारल्याला तर तोंड असं झालं की तिने फोटो काढला. म्हणजे जीभ ठीक आहे. पण मला विक्स लावल्यावर नाकात कळतं हो, मग वास थोडा तरी येतोय ना?

डॉ_कानकोंडा:
नाही ताई, इथेच सगळे फसतात. विक्समधला मेंथॉल आणि कापूर नाकाला गार, झणझणीत लागतो, तो वासाचा नाही, स्पर्श-वेदना नेणाऱ्या दुसऱ्याच मज्जातंतूचा कारभार आहे. तोच तंतू मिरचीची आग आणि कांदा चिरताना येणारं पाणी सांभाळतो. बारामतीकरांच्या पुरचुंडीचंही तेच, हुंगल्यावर "काहीतरी पोचलं" असं वाटतं पण वास परत आणायला त्याचा काही उपयोग नाही. वास तपासायचा तर चहापत्ती, व्हॅनिला इसेन्स, दालचिनी असं न झोंबणारं घ्या.

आणि बारामतीकर, "नुकसान काही नाही" याला मात्र माझा विरोध. कापूर लहान मुलांच्या नाकाशी, तोंडाशी नको, पोटात गेला तर झटके येतात. नाकात तेल वारंवार ओतलं तर क्वचित ते फुप्फुसात उतरतं. अमेरिकेत झिंकचे नाकात मारायचे स्प्रे-जेल मिळायचे सर्दीवर, त्यानेच लोकांचा वास जायला लागला म्हणून २००९ मध्ये त्यांच्या एफडीएने (औषधांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) लोकांना ते वापरू नका असं सांगितलं. झिंकची गोळी त्यामानाने निरुपद्रवी, पण तिने वास येतो याला चांगला पुरावा नाही. भाजलेलं संत्रं खा, गूळ-संत्रं कुणाला नको असतं.

बारामतीकर:
मान्य डॉक्टरसाहेब. पण आमच्या आजीला ओव्याने आराम पडायचा एवढं मात्र लिहून ठेवा.

डॉ_कानकोंडा:
चोंदलेल्या नाकाला मोकळं वाटतं, ते खरंच आहे. आजीशी भांडण नाही आपलं.

लेस्टरची_सून:
इकडे इंग्लंडात २०२० च्या मार्चमध्येच ईएनटी डॉक्टरांच्या संघटनेने सांगितलं होतं की अचानक वास जाणं हे कोविडचं लक्षण दिसतंय, पण सरकारी यादीत ते यायला १८ मे उजाडली. तोवर माझ्या सासूबाई "ताप नाही खोकला नाही" म्हणून सगळीकडे फिरत होत्या, आणि घरात अगरबत्ती दिसतेय पण येत नाही म्हणून दुकानदाराला शिव्या देत होत्या. :)

त्यांनी स्मेल ट्रेनिंग केलं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ चार वेगवेगळे वास घ्यायचे. इथे फिफ्थ सेन्स नावाची वास गेलेल्या लोकांसाठीची संस्था आहे, त्यांच्याकडे बरीच माहिती मिळाली. डॉक, तुम्ही सांगता का नीट?

पुणेरी_भुंगा:
अवांतर: भारतात आरोग्य मंत्रालयाने वास-चव जाणं लक्षणांच्या यादीत घातलं ते १३ जून २०२० ला. आणि आपल्या पुण्यात आयसर (विज्ञान संशोधन संस्था) आणि बी. जे. मेडिकलच्या लोकांनी मिळून वास मोजायचं यंत्रच केलं होतं, ठरावीक प्रमाणात गंध सोडून माणूस किती ओळखतो ते बघायचं. ज्यांना "मला काही होत नाही" वाटत होतं अशा पॉझिटिव्ह लोकांच्याही वासात घट सापडली. आपल्याला येत नाही हे आपल्यालाच कळत नाही, अशी परिस्थिती.

डॉ_कानकोंडा:
हो, स्मेल ट्रेनिंगबद्दलच लिहायला बसलो होतो. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हमेल यांनी २००९ मध्ये पहिल्यांदा याचा रीतसर अभ्यास छापला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी असे चार गंध, दिवसातून दोन वेळा, १२ आठवडे. ज्यांनी केलं त्यांच्यात न करणाऱ्यांपेक्षा सुधारणा जास्त. चमत्कार नाही हा, पण स्वस्त आहे, दुष्परिणाम नाहीत, म्हणून मी पहिल्यांदा हेच देतो.

घरी करायचं तर महागडा किट नको. झाकणाच्या चार छोट्या काचेच्या बाटल्या घ्या, तळाशी कापसाचा बोळा, त्यावर तेलाचे किंवा अत्तराचे थेंब. गुलाबपाणी फार फिकं असतं, अत्तर घ्या. लवंगेचं तेल केमिस्टकडे मिळतं, ते कातडीला लावायचं नाही. निलगिरी झोंबते म्हणून तिने फसायला होतं, ती वगळून दालचिनी घेतलीत तरी चालेल. एकेक बाटली नाकापासून थोडी दूर धरून १५-२० सेकंद हलके हलके हुंगायचं, खोल ओढायचं नाही, मधे थोडं थांबायचं. आणि त्या वेळी मोबाईल बाजूला ठेवून तो वास आठवायचा प्रयत्न करायचा, लवंग म्हणजे मसालेभाताची का विड्याची, काय ते. काहीच आलं नाही तरी हुंगायचं. तीनेक महिन्यांनी चारही गंध बदला, आणि सोडू नका, सहा महिने तरी धरून चाला. बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात कंटाळून बाटल्या कपाटात टाकतात.

आकडे विचारलेत म्हणून (नाही विचारलेत तरी), २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कोविडनंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशोब आला होता. ३० दिवसांत साधारण ७४ टक्के लोकांचा वास परत आलेला, ९० दिवसांत ९० टक्के, आणि पाच-सहा टक्क्यांना सहा महिन्यांनंतरही त्रास. साध्या सर्दीनंतर गेलेला वास परत यायला यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. ओमिक्रॉनपासून कोविडमध्येही हे प्रकरण बरंच कमी झालं.

रसिक_खवय्या:
मला एका ठिकाणी स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स लिहून दिलाय. मला शुगर आहे. घेऊ का नको?

डॉ_कानकोंडा:
तुम्हाला न तपासता घ्या किंवा घेऊ नका हे मी सांगणार नाही. पण ज्यांनी लिहून दिलंय त्यांना दोन गोष्टी जरूर विचारा. माझ्या शुगरचं काय करायचं, कारण ती वाढणारच. आणि आत नाकात सूज किंवा पॉलिप (मऊ गाठ) दिसतोय म्हणून देताय का. तसं असेल तर गोष्ट वेगळी, पण नुसत्या व्हायरलनंतरच्या वास जाण्याला तोंडाने घ्यायच्या स्टेरॉइडचा पुरावा कच्चा आहे. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत शुगर आणि स्टेरॉइडच्या जोडीने काळ्या बुरशीचं काय झालं ते आम्ही नाकवाल्यांनी फार जवळून पाहिलंय, त्यामुळे मी जरा जास्तच सावध असतो असं समजा. दुर्बिणीतून नाक बघितल्याशिवाय मी स्वतः गोळी लिहीत नाही.

हिंगजिरेताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: महिना झालाय, एकदा ईएनटीला दाखवून घ्याच. घाई कधी करायची तर एकाच नाकपुडीतून रक्त किंवा घाण पाणी येत असेल, डोक्याला मार लागून वास गेला असेल, दिसण्यात फरक पडला असेल. आणि सर्दीबिर्दी काही नसताना वयस्कर माणसाचा वास हळूहळू कमी होत गेला तर तेही दाखवा, पार्किन्सनमध्ये कंप सुरू व्हायच्या बरंच आधी असं होऊ शकतं.

गॅसबत्ती:
मी गॅस एजन्सीत आहे, दूध करपल्याचं वाचून लिहावंसंच वाटलं. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात इथाईल मरकॅप्टन मिसळतात, तो कुजका वास येतो तो त्याचा. ताईंना तोच येणार नाही. रात्री रेग्युलेटर बंद करायचाच, लेकीला किंवा मिस्टरांना झोपायच्या आधी ओट्याशी एक चक्कर मारायला सांगा. नळीला आणि जोडावर साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघा, काडी लावून बघणारे महाभाग आजही भेटतात. गॅस डिटेक्टर लावणार असाल तर तो खाली, जमिनीपासून फूटभर उंचीवर लावायचा, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो. आमच्या एका गिऱ्हाईकाने छताला लावला होता, शोभेला. गळतीची शंका आली तर बटणं दाबू नका, चालू पण नाही आणि बंद पण नाही, खिडक्या उघडा, बाहेर जा आणि १९०६ ला फोन करा.

हिंगजिरे:
गॅसबत्तीदादा, अंगावर काटा आला. यांना आत्ताच वाचून दाखवलं, उद्या डिटेक्टर येतोय.

आणि स्वयंपाकाचं काय करू ते पण सांगा कुणीतरी. काही लागत नाही म्हणून माझ्या हातून मीठ जास्त पडतंय आणि सासऱ्यांना बीपी आहे.

रसिक_खवय्या:
यात मी तज्ज्ञ झालोय आता. मीठ मापाच्या चमच्यानेच, अंदाज बंद, चाखायचं काम दुसऱ्याकडे द्या. स्वतःसाठी म्हणाल तर वास नसताना जे उरतं त्यावर भर द्यायचा: कुरकुरीत, आंबट, तिखट, गार-गरम. मी मऊ भात-वरणावरून उठलो, भेळ, कोशिंबिरी, दाण्याचं कूट घातलेली काकडी, मिरगुंडं, सोलकढी यावर दिवस काढले. पोहे लागत नाहीत पण वर शेव आणि लिंबू मारलं तर दाताला तरी काम मिळतं. आणि उरलेलं अन्न हुंगून ठरवायचं बंद, डब्यावर वार लिहून ठेवा. भूक लागली नाही तरी वेळेवर जेवा, माझं वजन उतरलं होतं चांगलंच.

तिरकस:
मजा केली होती वर, पण धागा वाचून गप्प झालो. बाबांचा वास कित्येक वर्षांपासून कमी आहे, आम्ही सगळे "म्हातारपण" म्हणून सोडून देत होतो. दाखवतो त्यांना.

हिंगजिरे:
धागा वर काढतेय. ईएनटीकडे जाऊन आले, दुर्बीण घातली, आत सगळं स्वच्छ आहे, पॉलिप वगैरे नाही. त्यांनीही डॉक म्हणाले तेच सांगितलं आणि सलाइनने नाक धुवायला दिलंय. बाटल्या केल्यात: गुलाब, लवंग, दालचिनी आणि लिंबाची साल (ती दर दोन दिवसांनी ताजी घेते). लवंग सगळ्यात आधी आली, धड लवंग नाही, नुसतं काहीतरी लाकडासारखं, पण आली! यांना मिठीच मारली मी.

पण काल कांदा-लसणाचं वाटण परतत होते आणि अबोली, तू लिहिलंस तेच. जळकं, गोडसर, कसंतरी. पोटात ढवळलं, कढई तशीच सोडून बाल्कनीत गेले. हे बिघडतंय का?

डॉ_कानकोंडा:
बिघडत नाहीये. नव्या पेशी जुळायला लागल्यात पण सगळ्या तारा अजून नीट लागलेल्या नाहीत, याला पॅरोस्मिया म्हणतात, बहुतेकदा वास गेल्यानंतर दोनतीन महिन्यांनी सुरू होतो. कॉफी, भाजलेलं मांस, परतलेला कांदा-लसूण यांत गंधक असलेले काही रेणू असतात, ते अगदी अंशमात्र असले तरी माणसाला जाणवतात आणि नेमके तेच विचित्र वाटतात. ट्रेनिंग चालू ठेवा, पण ज्या बाटलीने मळमळतं ती काही दिवस बाजूला.

अबोली७:
ताई, माझी युक्ती सांगते. परतलेलं, भाजलेलं, तळलेलं सगळं बंद केलं होतं मी. गरम वाफ नको, गार किंवा कोमट खायचं. दहीभात, इडली, थालीपीठ नको पण साधी ज्वारीची भाकरी चालायची, फळं, काकडी, पनीर. कांदा-लसूण पूर्ण वगळून ओलं खोबरं आणि कोथिंबिरीचं वाटण करून बघ, कोथिंबीर मला चालायची, काहींना ती पण घाण येते, तुझं तुलाच शोधावं लागेल. टूथपेस्ट पुदिन्याची सहन होत नसेल तर मुलांची स्ट्रॉबेरीवाली घे. आणि घरात फोडणी दुसऱ्या कुणाला तरी करू दे, तू तेव्हा दार लावून आत बस, कोणी काही म्हणालं तर हा धागा दाखव.

हिंगजिरे:
यांना वरण-फोडणीचा क्लास आजपासून सुरू. हिंग किती घालायचा ते विचारतायत, मी म्हटलं लेकीला विचारा.